धुतलेली पृथ्वी

शाळेचं नाव राहू दे. ती आता उरलेली नाही, आणि तिच्यासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस गाळल्याचंही ऐकिवात नाही. पण एकोणीसशे तीसच्या आसपास रत्नागिरीत तिचा दिमाख मोठा होता, आणि त्यातला निम्मा दिमाख काचेच्या कपाटात ठेवलेला होता: पृथ्वीचा गोल. मुंबईहून बोटीनं आलेला. बोट बंदराबाहेर उभी राहिली, पडावातून खोका किनाऱ्याला लागला आणि तिथून माणसाच्या डोक्यावरून शाळेत आला. दसऱ्याला सरस्वतीबरोबर त्याचीही पूजा व्हायची. हळदकुंकू वाहून वाहून उत्तर ध्रुवावरच्या बर्फाला तांबूस रंग चढला होता. भूगोल शिकवायला मात्र तो क्वचितच बाहेर निघे. मुलांच्या हातांनी खराब होईल म्हणून.

रघू त्या कपाटाकडे दारातून बघत आला होता. दारातून म्हणजे अगदी दारातूनच. मॅट्रिकच्या वर्गात त्याचा बाक उंबऱ्याच्या आत, भिंतीला लागून, एकटा. आणि त्याच्या व पुढच्या बाकाच्या मधे एखादी म्हैस ऐसपैस बसेल एवढी जागा मोकळी. सरकारचा हुकूम होता, की अनुदान घेणाऱ्या शाळेनं महारवाडीतल्या मुलाला वर्गाबाहेर बसवायचं नाही. शाळेनं हुकूम पाळला. उंबऱ्याच्या आत म्हणजे आत, आणखी काय पाहिजे?

तिथून भिंतीवरचा आशियाचा नकाशा तळहाताएवढा दिसायचा आणि नद्या दिसायच्याच नाहीत. रघू नद्या पुस्तकातून पाठ करी, आणि संध्याकाळी वाडीमागच्या सड्यावर, उघड्या कातळावर, पांढऱ्या दगडानं खंडंच्या खंडं काढी. मॅट्रिकला नकाशा न बघता काढावा लागे. रघूला तो डोळे मिटून काढता यायचा. त्याचा बाप सखाराम पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेला, लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. 'वाडीतला पहिला मॅट्रिक' हे शब्द त्यानं दृष्ट लागेल म्हणून अजून तोंडातून काढले नव्हते, पण घरातली प्रत्येक गोष्ट त्याच बेतानं चालली होती. आता राहिली होती फक्त फॉर्मवर हेडमास्तरांची सही. ती झाली की नाव मुंबईला जाणार आणि रघू परीक्षेला बसणार. नाही झाली तर सगळं शिकणं सड्यावरच राहणार.

भूगोलाला आठल्ये मास्तर होते. माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्या कुणाचा चेहरा बदलला की ह्यांचा चांगुलपणा घाबरून पळायचा.

पौष महिना होता. शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार म्हणून गोल कपाटातून निघाला होता आणि मास्तर मुलांकडून उत्तरं घोटून घेत होते.

"ज्येष्ठात आपल्याकडे दिवस मोठा आणि पौषात लहान. का?"

वकिलांचा सदू पुढे गेला. मधे टेबलावर दौत ठेवलेली, ती सूर्य. सदू गोल घेऊन टेबलाभोवती फिरू लागला, पण गोलाचा कललेला शेंडा तो प्रत्येक ठिकाणी दौतीकडेच वळवून धरी.

"अरे, असा फिरवलास तर बारा महिने ज्येष्ठच राहील!" मास्तर कातावले. "पौष कधी यायचा, पुढच्या जन्मी?"

वर्ग हसला. दुसरा उठला, त्यानंही तेच केलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला, आणि तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "सर, शेंडा वळवायचा नाही. एकाच दिशेला कललेला ठेवायचा आणि तसंच चालायचं."

"बरोबर! अगदी बरोबर!" मास्तर आनंदानं ओरडले. "ये, दाखव ह्यांना!"

बोलणारा विसरला आणि ऐकणाराही विसरला. रघू उठला, ती म्हशीएवढी जागा ओलांडून बाकांमधून सरळ टेबलापर्यंत गेला, आणि त्यानं गोल उचलला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की पृथ्वी जड असणार. ती भोपळ्यासारखी हलकी निघाली, आतून पोकळ, बोटाखाली कागदाचे जोड लागत होते. शेंडा खिडकीकडे धरून तो दौतीभोवती चालू लागला. "हा ज्येष्ठ. आपण दौतीकडे कललेलो." पलीकडे जाऊन तो थांबला. "हा पौष. शेंडा तिकडंच आहे, पण आता आपण दौतीपासून लांब कललो." त्यानं बोटानं रत्नागिरीची जागा दाखवली. नकाशात जे त्याला कधी दिसलं नव्हतं ते सगळं आता त्याच्या नाकासमोर होतं, बापानं लढाईत पाहिलेली तैग्रिस नदीसुद्धा. त्याला इतकं बरं वाटलं, की वर्ग गप्प झालाय हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

"सर," सदू म्हणाला, "गोल विटाळला."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा भूगोल क्षणात पुसला गेला. "ठेव," ते पुटपुटले. "ठेव खाली. जा, बाहेर जा जरा."

रघू अंगणात फणसाखाली जाऊन उभा राहिला. आत धावपळ झाली, हेडमास्तर आले, संस्कृतचे शास्त्री आले, आणि शिपाई बाबूनं गोणपाटात धरून गोल विहिरीजवळच्या दगडावर आणून ठेवला. "आता मला दोनदा आंगोळ," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बडबडत होता.

मग वाद सुरू झाला. विटाळलेली वस्तू शुद्ध कशी करायची, हे ती कशाची आहे त्यावर ठरतं. तांब्या असता तर चिंच-राखेनं घासला असता. मडकं असतं तर फोडलं असतं. लाकूड असतं तर वरून तासलं असतं, आणि कापड असतं तर भिजवलं असतं. पृथ्वी कशात मोडते, हे कुणाच्याच पोथीत नव्हतं.

"वाजवून बघायला हवं," शास्त्री म्हणाले.

वाजवणार कोण? विटाळलेल्या गोलाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. शहाणीसुरती माणसं चार हातांवरून त्याच्याकडे बघत उभी होती आणि नुसत्या नजरेनं जग कशाचं बनलंय ते ठरवू पाहत होती. अखेर हेडमास्तर म्हणाले, वर रोगणाची चकाकी दिसते, म्हणजे लाकूडच. तासलं तर देश जातील. तेव्हा गोमूत्र शिंपडून वरून पाण्याचे कलश ओतावेत.

रघूला राहवलं नाही. "सर, तो कागदाचा आहे! आतून पोकळ आहे, पाणी घालू नका!"

"तोंड बंद!" हेडमास्तर गरजले. "तुझ्यामुळंच ही वेळ आलीय."

"सर, मी हातात धरलाय तो…"

"तेच तर!" शास्त्री म्हणाले, आणि मंत्र सुरू झाले.

पहिल्या कलशानं काही झालं नाही. दुसऱ्यानं रोगणाच्या भेगांतून पाणी आत शिरलं. मग जोड उसवले, कागदाच्या पट्ट्या टोकांकडून सुटू लागल्या, आतला चुना पांढऱ्या लगद्यासारखा बाहेर आला, आणि हिंदी महासागराचा निळा रंग ओघळत पन्हळीतून माडाच्या आळ्यात गेला. आफ्रिका गळून लोंबू लागली. तरी ओतणं थांबलं नाही, कारण मंत्र पुरा व्हायचा होता. सगळं संपल्यावर दगडावर जे उरलं ते वाळत घालायलाही कुणाला सुचलं नाही.

रघूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आपल्याला हाकललं ह्याचा राग त्याला जुनाच होता, तो रोजच्या जेवणासारखा अंगवळणी पडला होता. हा राग नवा होता. ह्यांनी पृथ्वी धुऊन टाकली! आपला हात लागू नये म्हणून ह्या माणसांनी आख्खी पृथ्वी घालवली, आणि आपण ओरडत असताना घालवली!

दुसऱ्या दिवशी त्याला हेडमास्तरांनी बोलावलं. ते पायऱ्यांवर, रघू खाली अंगणात.

"इन्स्पेक्टरसाहेब गोलाचं विचारतील," ते म्हणाले. आज त्यांचा आवाज मऊ होता. "तुझ्या हातून विहिरीजवळच्या पाण्याच्या डोणीत पडला, असं सांगायचं. साहेब रागावतील, मी मध्ये पडेन, तुला क्षमा होईल. मग तुझ्या फॉर्मवर सही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आचरण असमाधानकारक. अशा मुलाचं नाव शाळा पाठवत नाही. समजलं?"

रघूला समजलं. रघूला बाहेर काढून गोल धुतला हे साहेबाला कळलं, तर हुकूम मोडला म्हणून अनुदान जाणार होतं. अनुदान वाचवायला कुणाच्या तरी हातातून पृथ्वी पडायला हवी होती, आणि त्याचा हात आयता मिळाला होता.

घरी त्यानं सगळं सांगितलं. त्याला वाटलं, बाप उसळेल. पलटणीतला माणूस, आवाज सड्यापलीकडं जाणारा. सखाराम मिशी चोळत म्हणाला, "सांगून टाक. पडला म्हणून सांग."

"बाबा, माझ्या हातातून काय पडला नाय!"

"ठाऊक हाय मला. बसऱ्यात मी काय काय कबूल केलंय ता तुला ठाऊक नाय. एक खोटा बोल नि परीक्षा दे. मागनं किती खरा बोलायचा तेवढा बोल."

"तुमी आयुष्यभर हेच केलात," रघू म्हणाला, आणि बापाचा चेहरा पडलेला बघून त्याला आणखीच चीड आली. बापाची चीड, स्वतःची चीड, त्या समजूतदारपणाची चीड.

आई तुळसा भाकरी थापत होती. ती मधे पडली नाही. तिनं ताट वाढलं आणि रोजच्यासारखं म्हणाली, "हात धुऊन ये. जेव."

"मी हात धुणार नाय!" रघू असा ओरडला, की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. "काय लागलाय माझ्या हाताला? सांग ना, काय लागलाय?"

तुळसानं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं त्याच्या हातात तशीच भाकरी ठेवली. तो न धुतल्या हातानं जेवला.

इन्स्पेक्टर आले. गोरा साहेब नव्हे, आपल्या देशातलेच, पुण्याकडचे. डोक्याला पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट. भिंतीवरचे नकाशे बघून झाले, मग टेबलावर गोणपाटाखाली झाकलेल्या ढिगाकडे त्यांचं लक्ष गेलं. बाबूनं गोणपाट ओढलं.

"हे काय?"

"एका विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणानं…" हेडमास्तर हात चोळत म्हणाले. "रघुनाथ, उभा राहा. सांग साहेबांना."

रघू उभा राहिला. आठल्ये मास्तर जमिनीकडे बघत होते. रघूच्या डोळ्यांपुढून बाप गेला, फॉर्म गेला, आणि तरी तोंडातून निघालं ते हेच: "मी ह्याला हात लावला, साहेब. म्हणून ह्यांनी तो विहिरीवर नेऊन धुतला. कागदाचा होता. मी सांगत होतो, कुणी ऐकलं नाही."

हेडमास्तरांची पाचावर धारण बसली. इन्स्पेक्टरांनी मात्र ढिगाकडे वाकून पाहिलं. माणूस बुद्धू नव्हता. त्यांना सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर आपल्याला ते कळायला नको होतं, हेही कळलं. अनुदान बंद करायचं म्हणजे वरपर्यंत कागद, वर्तमानपत्रात बोंबाबोंब, आणि रत्नागिरीतल्या सगळ्या ओळखीपाळखींशी वाकडं. त्यांनी दौत पुढे ओढली आणि शेऱ्याच्या कागदावर लिहीत लिहीतच म्हणाले, "पृथ्वीचा गोल हवामानामुळं खराब. नवा मागवावा. कोकणातली हवा फार वाईट हो, हेडमास्तर. दमट."

"अगदी दमट!" हेडमास्तरांच्या जिवात जीव आला.

इन्स्पेक्टरांनी मान वर केली. "भूगोलात हुशार आहेस म्हणे तू. सांग बघू, कोकणाचं हवामान कसं असतं? नीट उत्तर दे. तुझ्या फॉर्मचं मग मी स्वतः बघतो."

पुस्तकातलं उत्तर होतं. पाचवीतलं पोरही देईल असं. बरोबर उत्तर द्यायचं, त्याच्या जोरावर मॅट्रिकला बसायचं, आणि गोल कुणी धुतलाच नव्हता असं कायमचं ठरून जायचं. ह्यांनी त्याचा भूगोलसुद्धा सोडला नाही! खोटं बोलायला लावलं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे त्याच्याकडून खरं वदवून घेऊन त्याचं खोटं करत होते.

"उष्ण आणि दमट," रघू म्हणाला.

"शाबास," इन्स्पेक्टर म्हणाले.

"म्हणून हा नकाशा बघा." रघू बाकातून निघाला होता. मुलं दोन्हीकडं सरकली. तो भिंतीपाशी गेला आणि त्यानं आशियावर तळहात सपाट ठेवला. "हाही कागदाचा. ह्याच हवेत टांगलेला. खराब झाला नाही. आता होईल. मी हात लावलाय, न्या विहिरीवर!"

"रघ्या!"

"हे हजेरीचं पुस्तक. कागदाचं." त्यानं त्यावर हात ठेवला. "हा साहेबांचा शेरा, हाही कागदाचा." इन्स्पेक्टरांची शाई अजून ओली होती, त्याच्या पंजाखाली 'हवामान' फिसकटलं. "धुवा! सगळं धुवा!"

"धरा त्याला!" हेडमास्तर किंचाळले. "बाबू, धर!"

बाबू जागचा हलला नाही. "मी नाय धरत. धरला तर मला आंगोळ पडंल." मुलं भिंतींना चिकटून उभी होती. कोपऱ्यात उभ्या शास्त्र्यांनी उपरणं आवरून घेतलं. आणि रघूला एकदम उमगलं, की ह्या शाळेत आपल्याला अडवू शकेल असा एकही माणूस नाही. अडवायचं म्हणजे हात लावावा लागणार. ज्या अंतरानं त्याला इतकी वर्षं कोपऱ्यात कोंडलं, त्याच अंतरामुळं आज त्याच्यापुढं सगळी वाट मोकळी झाली होती.

तो वर्गालगतच्या हेडमास्तरांच्या खोलीत शिरला. मागोमाग सगळे आले, पण उंबऱ्यापाशीच थबकले. टेबलावर मॅट्रिकच्या फॉर्मचा गठ्ठा होता, सह्या झालेल्यांचा, आणि बाजूला एकटा पडलेला त्याचा. रघूनं गठ्ठ्यावर हात धरला, टेकवला नाही.

"सगळ्यात वर सदूचा आहे," तो म्हणाला. "लावू हात? मग ह्यांना धुऊन मुंबईला पाठवा. नाहीतर विटाळलेलेच पाठवा आणि गप्प बसा. दोन्हीतलं एक करायला लागेल. माझ्या फॉर्मवर सही करा, नाहीतर मी टेकवतो."

मग मागून रडवेला आवाज आला. "सर, करा ना सही!" सदू होता तो. "सर, माझा फॉर्म सगळ्यात वर आहे!"

"करून टाका," इन्स्पेक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

रघू दोन पावलं मागं सरला. हेडमास्तर लांबून वळसा घेऊन टेबलाशी आले, त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि फॉर्म दोन बोटांत उंच धरून रघूच्या ओंजळीच्या अंदाजानं वरून सोडायला हात पुढं केला.

"वरून टाकू नका," रघू म्हणाला. "हातात द्या."

"मी देतो, मी देतो," आठल्ये मास्तर घाईघाईनं पुढं आले.

"तुम्ही नाही, सर. तुम्ही त्या दिवशी बोलायचं होतं. ह्यांनी द्यायचा."

मास्तर होते तिथंच उभे राहिले. हेडमास्तरांनी इन्स्पेक्टरांच्या पाठीकडं बघितलं, ती वळली नाही. मग त्यांचा हात हळूहळू खाली आला. रघूनं फॉर्म धरला तो कागदाच्या कडेनं नव्हे. हेडमास्तरांच्या बोटांसकट धरला, मुठीत, आणि लगेच सोडला नाही. बोटं गार होती, घामानं ओलसर, म्हाताऱ्या माणसाची असतात तशी. नखात खडूची पूड होती. बस्स, एवढंच. आभाळ पडलं नाही. हेडमास्तरांना भोवळ आली नाही, रघूच्या हातातून धूर निघाला नाही, बाहेर फणसावर कावळे होते ते तसेच ओरडत राहिले. काही म्हणजे काहीच झालं नाही, आणि त्याचाच रघूला सगळ्यात जास्त राग आला.